मेसच्या ताटातली डाळ : प्रकल्प नोंदी

१ जुलै २०२५, मंगळवार

काम सुरू. जागा पुण्यात कोथरूडला, मुलींचं एक वसतिगृह. साधारण साठ मुली, मेस पूर्ण शाकाहारी. चालवणारे काका, स्वयंपाकघरात दोन मावश्या, वाढायला एक दादा. माझ्या आहारशास्त्राच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचा विषय: मेसचा महिन्याचा दर न वाढवता हे ताट समतोल करता येतं का?

रेक्टरबाईंची अट, मुली बाहेरून डबे मागवायला लागल्या की प्रकल्प बंद. काकांची अट, गॅस वाढता कामा नये.

'काल काय काय खाल्लं?' असं मुलींना विचारत बसायचं नाही असं ठरवलंय. आठवून सांगितलेल्या जेवणात बिस्किटं नसतात आणि सॅलड हमखास असतं. त्यापेक्षा काकांची भुसाराची वही बरी. पोतं कधी फोडलं, तेलाचा डबा कधी उघडला, सगळं तारखेनिशी लिहिलेलं आहे.

३ जुलै

मे-जूनमध्ये निम्म्या मुली गावी असतात, म्हणून एप्रिल धरला.

गव्हाचं पीठ ३६० किलो, तांदूळ २७०, पोहे-रवा-साबुदाणा मिळून ५४. तूरडाळ ३४, मूगडाळ ६, कडधान्यं १४, बेसन ९. शेंगदाणे १२. तेलाचे १५ किलोचे पाच डबे. दूध रोज सहा लिटर, आणि त्यातलं जवळजवळ सगळं चहात.

साठ मुली आणि तीस दिवसांनी भागलं. दर मुलीला दर दिवशी धान्य ३८० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ३५ ग्रॅम, तेल ४२ ग्रॅमच्या आसपास, दाणे जेमतेम ७ ग्रॅम, दूध १०० मिलि. भाजीची वही वेगळी आहे. बटाटा वगळून रोजची दहा किलो, म्हणजे माणशी १६०-१७० ग्रॅम. फळ रविवारी केळं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात २००० कॅलरींचं दिवसभराचं ताट दिलंय: धान्य २५०, डाळी ८५, भाज्या ४००, फळं १००, दाणे-बिया ३५, तेल-तूप २७ ग्रॅम आणि दूध-दही ३०० मिलि. सगळी वजनं कच्च्या मालाची, त्यामुळे वहीशी थेट ताडून बघता येतात.

काकांना दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ताई, तेलाचं मला माहीत होतं. डाळीचं नव्हतं."

४ जुलै

प्रथिनांचा हिशेब मांडला. निघालं ते मला अपेक्षित नव्हतं. दिवसाला ५३ ग्रॅमच्या घरात! ५५ किलो वजनाच्या बाईला आपल्याकडची शिफारस आहे किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ४६. कागदावर मेस पास.

पण या ५३ पैकी ३५-३६ ग्रॅम पोळी-भातातून येतात. प्रथिनं अमायनो आम्लांची बनतात. त्यातलं लायसिन धान्याच्या प्रथिनात कमी पडतं, ते डाळीत भरपूर असतं. डाळीत जे मिथिओनिन तोकडं, ते धान्यात असतं. वरण-भात, पोळी-उसळ ही जोडी म्हणून टिकून आहे. आपल्या या ताटात जोडीतला एकच जण कामाला लागलाय. धान्यावरच भिस्त असेल तर प्रथिनांची गरजही वाढते, किलोमागे एक ग्रॅम धरावं लागतं. तसं धरलं की ५३ काठावर येतात.

आणि हा हिशेब आहे वाढलेल्याचा, पोटात गेलेल्याचा नव्हे.

आज कांदेनवमी. भजी आणि भरली वांगी. तेलाच्या डब्याला आजचा दिवस माफ.

७ जुलै

आज सकाळी साडेसहापासून स्वयंपाकघरात उभी. आमटीला डाळ घालायच्या आधी वजन केलं: सहाशे ग्रॅम. साठ जणींना. म्हणजे माणशी दहा ग्रॅम, एक मोठा चमचा कच्ची डाळ. ती शिजवून, घोटून, पातेल्यात बारा लिटरपर्यंत वाढवली. फोडणी सुरेख, गोडा मसाला, आमसूल, कोथिंबीर. चवीला कोणी नाव ठेवणार नाही.

एक स्टीलचं पातेलं आणि वाढणारा दादा. साडेबाराला पहिली पंगत. डाळ तळाशी बसलेली, दादाची पळी वरच्यावर फिरते. पहिल्या दहा मुलींच्या वाट्यांत हळदीचं पाणी. पावणेदोनला कॉलेजातून धावत येणाऱ्या शेवटच्या सात-आठ जणींना पिठल्यासारखी दाट आमटी. काचेचे दोन ग्लास भरून ठेवले, एक पहिल्या वाटीचा, एक शेवटच्या. तासाभराने पहिल्यात तळाशी बोटभरही डाळ नाही, दुसऱ्यात अर्धा ग्लास. दोन्ही ग्लास नोटीस बोर्डाखाली ठेवून दिले, काही लिहिलं नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्या हॉस्टेलला कळलं होतं.

दादाला 'तळातून ढवळून वाढा' सांगितलं. तो ढवळेल, पण सहाशे ग्रॅमचे बाराशे होणार नाहीत. आणि उद्या बाराशे दिले तरी आठवड्याभरात कोणीतरी पाणी वाढवेलच. दहा पाहुण्या आल्या, घाला तांब्याभर पाणी. मेसचा हा स्वभावच आहे. आमटी ही वाढवण्यासाठीच जन्माला आलेली आहे.

म्हणून रोख बदलला. डाळ अशा रूपात द्यायची की तिच्यात पाणी घालता येणार नाही. कोरडी उसळ, झुणका, वाटली डाळ, आणि पीठ.

९ जुलै

मुलींशी गप्पा, जेवणानंतर गच्चीत. प्रश्न एकच: तुमच्या घरी डाळ-कडधान्य कशाकशात असतं?

जळगावची म्हणाली, कळण्याची भाकरी. ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळून आणायचे, वर ठेचा आणि तेल. लातूरची: हुलग्याचे शेंगोळे, आणि थंडीत माडगं. सिंधुदुर्गची: तेच हुलगे, पण त्यांचे कुळीथ, आणि त्यांचं पिठलं. यवतमाळची: पाटवडी रस्सा. सोलापूरची शेंगाचटणी सोडून दुसरं काही सांगायलाच तयार नव्हती. तिचंही चुकत नाही, शेंगदाण्यात शंभराला तेवीस-चोवीस ग्रॅम प्रथिनं असतात.

यातला एकही पदार्थ मेसमध्ये होत नाही. मेसचं जेवण कुठल्याच गावचं नसतं. पनीर मसाला आणि व्हेज कोल्हापुरी मात्र आठवड्यातून दोनदा.

कळण्याची भाकरी डोक्यात बसली. डाळ पिठातच असेल तर वेगळा पदार्थ नको, वेगळी शेगडी नको, 'मला उसळ आवडत नाही' हेही नको. पोळी सगळ्याच खातात.

१२ जुलै

गिरणीत गव्हाबरोबर हरभरे दळून आणले, नऊला एक या मापाने. मावशींचा निकाल: चालतंय. कणीक थोडं जास्त पाणी मागते आणि अर्धा तास मुरू द्यावी लागते. साडेआठास दीड करून पाहिलं तर लाटताना कडा फाटल्या आणि गार झालेली पोळी पापडासारखी. नऊला एकवर शिक्कामोर्तब. मुलींना सांगितलं नाही. दोघींनी विचारलं, पोळी आज जरा खमंग लागतेय का?

१५ जुलै

मटकीचं प्रकरण. कोरडी उसळ आठवड्यातून चारदा करायची तर मोड आलेली कडधान्यं रोजची झाली. मोड आणल्याने दाण्यातलं लोह अडवून धरणारं फायटेट घटतं, त्यामुळे लोह अंगी लागायला मदत होते. शिवाय क जीवनसत्त्व तयार होतं, जे कोरड्या दाण्यात जवळजवळ नसतं. पण जुलैमधलं पुणं! तीन किलो मटकी रात्री भिजवली, सकाळी एकाच मोठ्या फडक्यात बांधली, दुसऱ्या दिवशी गाठोडं सोडलं तर मधली मटकी चिकट आणि आंबूस. मावशी नाक मुरडून म्हणाल्या, "हे घरी दोन वाट्यांचं जमतं हो."

घरातलं माप साठ जणींना गुणलं की दाण्यांच्या ढिगात ऊब धरते आणि पावसाळी हवेत ती बाहेर पडत नाही. उपाय साधा निघाला. इडलीपात्राच्या चाळण्या आणि पसरट जाळीच्या टोपल्या, दोन बोटांचा थर, वर ओलं फडकं, दुपारी एकदा स्वच्छ पाण्याखाली धुऊन पुन्हा निथळत. मोड लांब येत नाहीत, नाकासारखे टोक येतात. तेवढे पुरतात. लांब मोड फोटोला बरे.

१८ जुलै

चार जैन मुली आहेत. चातुर्मास सुरू झालाय, त्या पालेभाजी खात नाहीत, कांदा-लसूण-बटाटा तर नाहीच. मोड आलेलं कडधान्यही त्यांना चालत नाही. एकीने समजावून सांगितलं की न तापवलेल्या दह्या-ताकाबरोबर डाळीचा पदार्थही नको, ते द्विदल होतं.

म्हणजे पालेभाजी, मोड आणि उसळीशेजारची दह्याची वाटी, माझे तिन्ही हुकमी पत्ते गेले! त्यांच्यासाठी भिजवून शिजवलेले, मोड न आणलेले मूग-चवळी, तीळ-जवसाची चटणी, दूध वेगळ्या वेळी. तिळात शंभर ग्रॅमला हजार मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, पण चटणी खाल्ली जाते दोन चमचे, हेही धरावं लागतं. दोन चमच्यांत शंभर-सव्वाशे. वाईट नाही.

२१ जुलै

तिसऱ्या मजल्यावरची एक मुलगी 'डाएट' करते. पोळी बंद, भात बंद. भाजी, आमटीची वाटी आणि काकडी. तिच्या मते ती प्रथिनं घेते, कारण आमटी दोन वाट्या. हिशेब करून दाखवला: दोन वाट्यांत वीस ग्रॅम डाळ, म्हणजे चार-साडेचार ग्रॅम प्रथिनं. तिने पोळी सोडली तेव्हा तिची प्रथिनंच सुटली.

तिच्या टेबलावर प्रथिनांच्या पावडरीचा डबा आहे. मी त्याच्या विरोधात नाही, पण त्या किमतीत महिनाभराचे हरभरे, दाणे आणि सोयावडी येऊन वर रिक्षाचे पैसे उरतात. कोरड्या सोयावडीत निम्मं वजन प्रथिनांचं असतं. मेसमध्ये सोयावडी का नाही विचारलं तर काका म्हणाले, मुली 'मटणासारखं लागतं' म्हणून तक्रार करतात. शाकाहारी मेसला याच्यावर उत्तर नाही. मिक्सरमधून जाडसर काढून ती सिमला मिरचीच्या पीठ पेरलेल्या भाजीत घालून पाहणार.

२५ जुलै

श्रावण लागला. दर सोमवारी चाळीसेक मुलींचा उपास आणि परंपरेने साबुदाणा खिचडी. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, त्यातलं पोषण ते दाण्याच्या कुटाचं. २८ तारखेला भगर, दाण्याची आमटी, राजगिऱ्याची पोळी आणि ताक असा बेत. भगर अख्खी आणून धुऊन वापरायची. सुटं, कधीचं दळलेलं पीठ पावसाळ्यात आणायचंच नाही, त्यातून विषबाधा झाल्याच्या बातम्या दर उपासाच्या मोसमात येतात. खिचडी महिन्यातून एक सोमवार राहील. तिला हात लावला तर रेक्टरबाईंची अट आठवेल.

३१ जुलै

लोहाचा दिवस. १९ ते ५० वयाच्या बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅमची शिफारस आहे. मेसचं एप्रिलचं ताट त्याच्या निम्म्यावरही नीट पोचत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय निघाला होता, तेव्हा हॉस्टेलच्या तपासणीत काय निघेल याचा अंदाज होताच.

मुलींचा भरवसा गुळावर. गुळाच्या दहा ग्रॅमच्या खड्यात लोह अर्धा मिलिग्रॅम. गूळ चांगला, पण त्याच्या नावावर फार उधारी झालीय. बाजरीत शंभरला सहा-साडेसहा आहे, म्हणून गुरुवारी बाजरीची भाकरी. ज्वारीपेक्षा तीच घेतली.

जास्त फरक पडतो तो जेवणाच्या कडेला. जेवण झालं की चहा, ही इथली रीत, आणि चहातलं टॅनिन लोह अडवून धरतं. चहा साडेचारला हलवला. यावर जेवढा आरडाओरडा झाला तेवढा पोळीत हरभरा घातल्यावरही झाला नव्हता (तो अजून कोणाला माहीत नाही). ताटात लिंबाची फोड रोज, पोह्यांवरही. मावशींनी माळ्यावरची लोखंडी कढई खाली काढली; टोमॅटोची भाजी, अंबाडी, चुका असं आंबट त्यात शिजलं की लोह उतरतं. फक्त शिजल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढायची, नाहीतर भाजी काळी पडते आणि मुली हात लावत नाहीत.

एवढं करूनही ज्यांचं हिमोग्लोबिन दहाच्या खाली आहे त्यांचं ताटाने भागणार नाही. त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं, गोळ्या सुरू. अहवालात हे स्पष्ट लिहिणार. 'नैसर्गिक उपाय' म्हणत मुलींना सहा महिने बीट खायला लावण्यात मला रस नाही.

५ ऑगस्ट

बी-१२ जीवनसत्त्व. ही एकच गोष्ट अशी की आजीच्या कुठल्याही उसळी-भाकरीत नाही. भरवशाचं बी-१२ वनस्पतीत नसतं. मोडात नाही, अळवात नाही, स्पिरुलिनाच्या जाहिरातीत आहे पण शरीराला उपयोगी पडेल असं नाही. शाकाहारी माणसाला दूध-दही-ताक-पनीर, नाहीतर गोळी.

पुण्याचंच उदाहरण आहे. के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये पुणे परिसरातल्या पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. ६७ टक्क्यांत बी-१२ कमी, आणि शहरी मध्यमवर्गात ते प्रमाण ८१ टक्के. गरिबीचा प्रश्न म्हणावा तर तसंही नाही. पोटभर जेवणाऱ्या, सुशिक्षित, वरण-भात-तूप-लिंबूवाल्या घरांतलं हे आहे.

मेसचं दूध चहात जातं, आणि ताक म्हणून मिळतं ते पांढरं पाणी. इथेही आमटीचाच न्याय: पातळ होऊ शकतं ते पातळ होतं. म्हणून दही, वाटीत लावलेलं. सहा डझन स्टीलच्या वाट्या रात्री विरजायच्या, सकाळी एकेक उचलायची. लावलेल्या दह्यात कोणी पाणी घालू शकत नाही.

११ ऑगस्ट

पैशाची बैठक. काकांनी वही उघडली. डाळी-कडधान्यं वाढली त्याचा खर्च तांदूळ, गहू आणि तेलाच्या एका डब्यातून निघाला. भाताचा डाव लहान केला, हवा तितक्यांदा घ्या म्हटलं, तर उष्ट्याची बादली संध्याकाळी अर्धीच भरते. दह्याचा खर्च मात्र निघत नाही. माणशी महिन्याला शंभर रुपयांच्या आसपास तूट.

मुलींसमोर ठेवलं: दर वाढवायचा, दही आठवड्यातून तीनदा द्यायचं, की रविवारची स्वीट डिश एकाआड एक करायची? पाऊण तास भांडण. श्रीखंड हे दहीच असल्याने ते दह्याच्या खात्यात धरावं, असा एक युक्तिवाद कायद्याला असलेल्या मुलीने केला. शेवटी गुलाबजाम एकाआड एक रविवारी, श्रीखंड कायम, दही आठवड्यातून पाच दिवस. मी सात मागितले होते. ज्या मुली दूध-दही अजिबात घेत नाहीत त्यांनी तपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावी, हे बोर्डावर लावलं.

१९ ऑगस्ट

सोयावडी पास. कोणी ओळखली नाही.

शेंगोळे नापास. लातूरवाली खूश, बाकीच्यांनी ताटात फिरवून ठेवले. वळायला दोन्ही मावश्यांचे दोन तास गेले. कुळथाचं पिठलं मात्र भाकरीबरोबर संपलं, तेव्हा कुळीथ राहणार, वळणं नाही.

२४ ऑगस्ट

ऑगस्टचा आजवरचा हिशेब, दर मुलीला दर दिवशी: धान्य ३०० ग्रॅमच्या आसपास, डाळी-कडधान्यं ६५, तेल ३३, दाणे-तीळ-जवस १५, दूध-दही सुमारे २००. प्रथिनं ५८ ग्रॅमच्या घरात, पण आता त्यातली निम्मीच धान्यातून. ८५ ग्रॅम डाळ गाठता आली नाही. अजून वाढवली तर पोट फुगल्याच्या तक्रारी येतात. हिंग, आलं, ओवा घालूनही महिन्याभरात यापुढे जाता आलं नाही. हळूहळू जाता येईल.

फळ रोज झालं: केळं, पेरू. पेरूत क जीवनसत्त्व संत्र्याहून जास्त, आणि तो नेमका आत्ता स्वस्त.

२६ ऑगस्ट, हरतालिका

उद्या गणपती. हॉस्टेल रिकामं होतंय. मावशी परवा घरी ऋषीची भाजी करणार आहेत, अळू, माठ, सुरण, पडवळ, लाल भोपळा, मक्याचं कणीस असं सगळं एकत्र, बिनतेलाची. मुली असत्या तर एका जेवणात पाव किलो भाजी झाली असती.

कारण भाजीत आपण अडकलोय. १६५ वरून २३० ग्रॅमपर्यंत आलो, पुढे सरकत नाही. काकांचं म्हणणं पैसे नाहीत असं नाहीच; मार्केट यार्डातून भाजी येऊ शकते. प्रश्न विळीचा आहे. दहा किलो भाजी निवडून चिरायला दोन मावश्यांना दीड तास लागतो, चोवीस किलोला कोण बसणार? म्हणून सप्टेंबरच्या यादीत निवडायला कमी आणि वजनाला जास्त अशा भाज्या घातल्यात: दुधी, लाल भोपळा, कोबी, काकडी. गवार आणि तोंडली आठवड्यातून एकदाच. भाजी चिरायच्या मशिनचा दर काका रविवार पेठेतून काढून आणणार आहेत. त्यावर पालेभाजी होत नाही, तेव्हा माठाच्या जुड्या निवडायचं काम तसंच राहणार. गुरुवारी जेवणाआधी टीव्हीसमोर बसून जुड्या निवडायला सहा मुलींनी नावं दिली आहेत. त्यात ती डाएटवाली आहे.